मॉरिशसमधील मंगलकार्य : बेटाचा मान राखून करावयाची तयारी

स्वग्रामी, आप्तेष्टांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत लग्न लागावे हा जुना शिरस्ता आता बराच शिथिल झाला असून, चार दिवस सर्व मंडळींना दूरच्या एखाद्या रम्य स्थळी नेऊन तिथेच मंगलकार्य उरकण्याची जी प्रथा ‘डेस्टिनेशन वेडिंग’ या नावाने रूढ झाली आहे, तिच्याविषयी नाक मुरडण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही; मुलगा टोरांटोत, मुलगी बंगळुरात, व्याही ठाण्यात आणि विहीण वर्षातले सहा महिने नातवंडांकडे मेलबर्नला, अशा स्थितीत ‘घरचे कार्य’ नेमके कोणत्या घरी करावयाचे हाच मुळी प्रश्न असतो. माझी हरकत आहे ती निराळ्या गोष्टीला. बेट निवडले जाते ते छायाचित्रे पाहून. मग तिथे जो मांडव उभा राहतो तो मुंबईचा, जेवण मुंबईचे, नाच चित्रपटातला, निवेदकही इथूनच विमानाने नेलेला. आणि ज्या भूमीवर हा सारा थाट मांडला जातो तिच्या वाट्याला येते ते केवळ भाडे. ज्यांना एवढेच हवे आहे त्यांना या लेखाचा उपयोग नाही. परंतु परक्या बेटावर जाऊन तिथल्या लोकांना, त्यांच्या गीतांना आणि अन्नाला आपल्या कार्यात मानाचे स्थान द्यावे अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी तयारी कोणत्या क्रमाने करावी याचा काही तपशील मॉरिशसचे उदाहरण घेऊन येथे देत आहे.

मॉरिशसच का, तर मराठी माणसाला हे बेट वाटते तितके परके नाही. मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर अंतर, थेट विमानाने सहा-साडेसहा तासांचा प्रवास, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि भारतीय पारपत्रधारकाला पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढण्याची गरज नाही, या सोयी तर आहेतच. पण त्याहून महत्त्वाचे हे की १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत करारबद्ध मजूर म्हणून जे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर उतरले, त्यांतले काही मुंबई बंदरातून गलबतांवर चढलेले कोकणातले शेतकरी होते. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज घरात बहुधा क्रिओल बोलते, मात्र शाळेत मराठी शिकते, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असल्यामुळे थाटाने विसर्जनाला जाते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचते. तेव्हा मराठी लग्न तिथे पाहुणे म्हणून जात असले तरी अगदीच अनोळखी म्हणून जात नाही. अर्थात मराठी हा त्या समाजवस्त्राचा एक बारीकसा धागा आहे. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज असलेले क्रिओल, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मुसलमान, चिनी आणि फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज अशा अनेकांचे ते बेट आहे, हे विसरून ‘छोटा भारत’ म्हणत त्याच्या पाठीवर थाप मारणे असभ्यपणाचे होईल.

सर्वांत आधी काळाचा विचार करावा, कारण इथेच बहुतेक कुटुंबे फसतात. आपले लग्नाचे मुहूर्त तुलसीविवाहानंतर सुरू होतात आणि आषाढात चातुर्मास लागला की थांबतात. म्हणजे स्थूलमानाने नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जुलैच्या आरंभापर्यंत. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथला उन्हाळा आणि वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो, त्यातही जानेवारी ते मार्च हे महिने विशेष धोक्याचे. उलट जुलै ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा, सुखद काळ नेमका आपल्या चातुर्मासात पडतो. परिणामी आपल्याकडे ज्या माघ-फाल्गुनात लग्नांची झुंबड उडते त्याच सुमारास त्या बेटावर चक्रीवादळाच्या एक ते चार अशा चढत्या श्रेणींच्या सूचना लागण्याचा संभव असतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांतून पाण्याचे लोट वाहविले आणि मोटारी एकमेकींवर चढविल्या, ते स्मरणात ठेवावे. वरची श्रेणी लागली की विमानतळ बंद होतो, रस्ते ओस पडतात, आणि पत्रिकेवर छापलेला मुहूर्त कोणी विचारीत नाही. माझ्या मते मुहूर्त मानणाऱ्यांनी वैशाख-ज्येष्ठातला, म्हणजे मे-जूनचा मुहूर्त धरावा. तेव्हा वादळे सरलेली असतात आणि थंडीही बोचत नाही. अडीअडचणीच्या प्रसंगासाठी काही पंचांगांत गौण काळाचे मुहूर्त दिलेले असतात, त्यांवर समाधान असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. दुसरी गोष्ट, मुहूर्ताची लग्नशुद्धी स्थळाच्या अक्षांश-रेखांशांवर अवलंबून असते. मुंबईच्या वेळेतून दीड तास वजा केला की झाले, असे समजणाऱ्या गुरुजींना पोर्ट लुईचे, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवरचे, गणित पुन्हा मांडावयास नम्रपणे सांगावे.

काळ मुक्रर झाला की किनारा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे बेल मारच्या बाजूला, असे जोराने वाहतात की अंतरपाट धरणाऱ्यांना तो शिडासारखा आवरावा लागेल आणि होमकुंडातला अग्नी एकतर विझेल नाहीतर भलतीकडे धावेल. त्या ऋतूत पश्चिमेचा फ्लिक आं फ्लाकचा किनारा किंवा उत्तरेचा ग्रां बेचा परिसर निवांत असतो. गोरज मुहूर्त असल्यास पश्चिम किनाऱ्याला पर्याय नाही. मात्र जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात पावणेसातच्या, हा तासाभराचा फरक कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी ध्यानात घ्यावा. आणखी एक बारीक बाब, जी इथले मांडववाले हमखास विसरतात: तिथल्या हिवाळ्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून सावलीचा पडदा आपल्या सवयीप्रमाणे दक्षिणेस बांधला तर वधूवर आणि गुरुजी तिघेही उन्हात भाजून निघतात. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे; उत्तरेकडच्या मुक्कामी पोहोचावयास तास-दीड तास लागतो, तेव्हा वृद्धांना रात्रीच्या विमानाने नेऊ नये.

कायद्याचे प्रकरण कंटाळवाणे असले तरी ते टाळता येत नाही. मॉरिशसमध्ये परकीय नागरिकांना कायदेशीर विवाह करता येतो; त्यासाठी आपण तिथले नागरिक वा रहिवासी नाही असा दाखला तिथल्या नागरी नोंदणी दफ्तरातून घ्यावा लागतो, जन्मदाखल्यांच्या व पारपत्रांच्या नकला आगाऊ धाडाव्या लागतात, आणि घटस्फोटित अथवा विधवा स्त्रीच्या बाबतीत आधीचा विवाह संपुष्टात येऊन तीनशे दिवस झाले आहेत की नाहीत याची विचारणा होते. तिथला दिवाणी कायदा फ्रेंच संहितेवर बेतलेला असल्यामुळे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक राहणार की विभक्त, हे विवाहाच्या वेळीच ठरविण्याची पद्धत आहे. घाईगर्दीत समोर आलेल्या कागदावर सही ठोकण्यापूर्वी या कलमाचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा. मिळालेल्या दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का घेऊन यावे, म्हणजे भारतात तो रुजू करताना त्याच्या खरेपणाविषयी शंका निघत नाही. हे सारे जिकिरीचे वाटत असेल तर सरळ मार्ग असा की विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी आपल्याच जिल्ह्यात आधी करून टाकावी आणि बेटावर फक्त धार्मिक विधी व सोहळा ठेवावा. मी स्वतः हाच सल्ला देतो. कचेरीतले काम कचेरीत झालेले असले की बेटावरचे चार दिवस माणसांसाठी मोकळे राहतात.

आता मुख्य विषयाकडे येऊ. स्थानिक संस्कृतीचा ‘समावेश’ करावयाचा म्हणजे हॉटेलच्या व्यवस्थापकाला एक सेगा-नाच सांगून मोकळे व्हायचे, अशी समजूत सार्वत्रिक आहे. रात्री जेवणाच्या वेळी रंगीबेरंगी घागरे फलकारीत काही मुली येतात, कीबोर्ड वाजतो, पाहुण्यांना ओढून नाचविले जाते आणि अर्ध्या तासात ‘संस्कृती’ आटोपते. त्या मुलींच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. पण ज्या सेगाला युनेस्कोने २०१४ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले तो पारंपरिक सेगा, ज्याला ते लोक ‘सेगा तिपिक’ म्हणतात, वेगळाच आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबून आलेल्या माणसांनी रात्री आगीभोवती जमून जो गायिला त्याला वाद्ये तीनच: बकऱ्याचे कातडे ताणून बसविलेला रुंद, उथळ डफ म्हणजे रावान, उसाच्या कांड्यांची, आत बिया घातलेली चपटी पेटी म्हणजे मारावान, आणि लोखंडी त्रिकोण, त्रियांग. नाचणाऱ्याचे पाऊल जमिनीवरून फारसे उचलत नाही, ते वाळूत घसटत पुढे सरकते. सारा डौल कमरेचा आणि हातांचा. गाणारा प्रसंग पाहून शब्द जुळवितो, आणि त्यात थट्टा असते तशी व्यथाही असते. तिफ्रेर या नावाने ख्याती पावलेल्या जां आल्फोन्स रावातों (१९०० ते १९९२) या गायकाची ध्वनिमुद्रणे वधूवरांनी जाण्यापूर्वी एकदा शांतपणे ऐकावीत. त्यानंतर हॉटेलातल्या सेगापेक्षा आपल्याला काय हवे आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

असे वादक-गायक बोलवावयाचे तर काही तजवीज आधीपासून हवी. रावानचे कातडे दमट हवेत सैल पडते म्हणून वाजविण्यापूर्वी ते विस्तवाजवळ धरून शेकतात. बोट मारून नाद पाहतात, पुन्हा शेकतात, आणि मनासारखा खणखणीत आवाज निघेपर्यंत सुरुवात करीत नाहीत. तेव्हा जाळाची जागा, तिची परवानगी आणि अर्ध्या तासाची सवड कार्यक्रमात ठेवलीच पाहिजे, नाहीतर सूत्रधार ‘लवकर, लवकर’ म्हणून त्यांच्या मागे लागतो आणि ज्याच्यासाठी त्यांना बोलावले त्यावरच पाणी पडते. त्यांना पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी वाजवावयास लावू नये. सूर्यास्तानंतर, भोजनापूर्वी, सर्व मंडळी वाळूत बसलेली असताना त्यांचा तास असावा. आणि त्यांच्यापैकी एखाद्याने या गीतांची कुळकथा दोन शब्दांत सांगावी, तिचे मराठी कोणीतरी करावे. डीजेचा कर्णा त्या संध्याकाळी बंदच राहिलेला बरा.

परंतु मराठी कुटुंबाच्या दृष्टीने या बेटावरचे खरे धन मला सेगापेक्षाही गीत-गवईत दिसते. भोजपुरी घरांतून लग्नाआधी बायका मिळून जो गीतविधी करतात त्याला हे नाव असून २०१६ साली त्यालाही युनेस्कोच्या त्याच यादीत मान मिळाला. पाच सुवासिनी एका वस्त्रावर हळद, तांदूळ, दूर्वा आणि नाणी घेऊन निवडीत बसतात, भोवतालच्या बायका देवदेवतांची गीते म्हणतात. मग वराची किंवा वधूची आई ढोलकवालीसह वाद्यांची पूजा करते, आणि त्यानंतर ढोलक, तांब्या, थाळी, चमचे जे हाती लागेल त्यावर ताल धरून गाणी रंगत जातात, शेवटी सगळ्याजणी उठून नाचतात. आता आपल्याकडचा हळदीचा दिवस डोळ्यांपुढे आणा: मुसळाला बांधलेला आंब्याचा टहाळा, घाणा भरणाऱ्या सुवासिनी आणि जात्यावरच्या ओव्या. समुद्रापारच्या त्या बायकांना आपल्या घाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, तो त्यांना दिसताक्षणी कळतो. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की हळदीच्या सकाळी गीत-गवईच्या मंडळीला बोलावून त्यांना आधी गाऊ द्यावे, आणि त्यांचे झाल्यावर आपल्याकडच्या आत्या-मावश्यांनी ओव्या म्हणून त्यांना उत्तर द्यावे. त्यासाठी मंच नको, ध्वनिक्षेपक नको. चटया, सावली आणि दोन मोकळे तास एवढे पुरे. आपल्या बाजूच्या बायकांना मात्र ओव्या आधी पाठ करवून घ्याव्यात, कारण तिकडून तीस गाणी आली आणि इकडून मोबाइलवरचे एकच चित्रपटगीत गेले तर ती शोभा नव्हे. भोजपुरी स्पीकिंग युनियनच्या प्रोत्साहनाने तिथे गीत-गवई शिकविणारे वर्ग चालतात, त्यामुळे मंडळी मिळणे कठीण नाही.

मराठी संस्थांकडेही पत्र जावे. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन, मराठी स्पीकिंग युनियन आणि महात्मा गांधी संस्थेतला मराठी विभाग ही तिथली ठिकाणे होत. पौरोहित्य कोण करील, झाकरीचे पथक लग्नाच्या दिवशी मोकळे आहे का, मुंडावळ्या व अंतरपाट तिथे मिळतील की इथून न्यावेत, अशा प्रश्नांना लग्नसोहळ्यांचा ठेका घेणाऱ्या कंपन्यांपेक्षा ही माणसे अधिक विश्वसनीय उत्तरे देतात. वरातीसाठी इथून ढोलताशा नेण्यापेक्षा झाकरीच्या फेरात मिसळून जावे. कोकणातून गेलेला ताल दीडशेहून अधिक वर्षे परदेशी मातीत टिकला आहे, तो ऐकताना रत्नागिरीकडच्या म्हाताऱ्या माणसांना जे वाटेल ते कोणत्याही आतषबाजीने साधणार नाही. मात्र या संस्थांना ‘माणसे पुरविणारे’ समजून वागवू नये. त्यांच्या पदाधिकाऱ्यांना आणि चार कुटुंबांना रीतसर अक्षत द्यावी, आहेराच्या यादीत त्यांची नावे असावीत आणि पंगतीत त्यांचे स्थान व्याह्यांशेजारी असावे.

इथेच एक नाजूक गोष्ट सांगून ठेवतो. नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ले मोर्न ब्राबां हा प्रचंड कातळ छायाचित्रकारांना फार प्रिय आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या हॉटेलांतून विवाहसोहळे नित्य होतात. परंतु मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मुक्तीची वार्ता सांगावयास शिपाई वर चढले, ते आपल्याला धरावयास आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा बेटावर घरोघर सांगितली जाते. २००८ पासून हे स्थळ जागतिक वारसायादीत आहे. तिथे लग्न करू नये असे मी म्हणत नाही. पण १ फेब्रुवारी हा तिथे स्मरणाचा दिवस आणि राष्ट्रीय सुट्टी असतो, त्या दिवशी त्या डोंगराखाली वरात काढू नये, आणि एरवीही पाहुण्यांना ही कथा सांगितल्याशिवाय त्याच्यासमोर छायाचित्रे काढू नयेत. तसेच पोर्ट लुईच्या बंदरातील आप्रवासी घाट, जिथल्या दगडी पायऱ्या चढून आपले कोकणी शेतकरी बेटावर आले, तो लग्नाआधीच्या एका सकाळी मंडळींना दाखवावा. घाटावर २ नोव्हेंबर हा आगमनदिन म्हणून पाळला जातो.

भोजनाविषयी माझे मत ठाम आहे: एक पंगत संपूर्णपणे बेटाची असावी. मॉरिशसच्या हिंदू लग्नांत केळीच्या पानावर ‘सेत कारी’, म्हणजे सात भाज्यांचे शाकाहारी जेवण वाढतात. मऊ लुसलुशीत पुऱ्यांबरोबर लाल भोपळा, फणस किंवा कच्चे केळे, टोमॅटोची आंबटतिखट रुगाय, घट्ट डाळ, पालेभाजी आणि कैरीचे लोणचे असा तो थाट असतो. कुटुंबाकुटुंबांत पदार्थ बदलतात, संख्या मात्र सातच. हे जेवण हॉटेलच्या मुदपाकखान्यात जमत नाही, तिथले आचारी ते वाडग्यांत सजवून त्याची अवकळा करतात. म्हणून गावातल्या लग्नांत रांधणाऱ्या मंडळींना बोलावण्याची मुभा हॉटेलकडून करारातच लेखी घ्यावी, कारण बाहेरचे अन्न आणण्यावर बहुतेक हॉटेले हरकत घेतात वा आकार लावतात. सकाळच्या न्याहरीला हरभऱ्याच्या डाळीचे सारण भरलेली दालपुरी, मिरची घातलेले ‘गातो पिमां’ नावाचे डाळीचे वडे आणि व्हॅनिलाचा चहा. दुपारी आलुदा, जो आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ. दुसरी पंगत खुशाल वरणभात, मसालेभात, जिलबी आणि मठ्ठ्याची असू द्या. दोन्ही पंगतींना दोन्हीकडची माणसे बसली पाहिजेत, एवढीच अट. पाहुण्यांत जैन मंडळी असतील तर रुगायमधल्या कांदालसणाची पूर्वसूचना द्यावयास विसरू नये.

मांडवाला काच आणि परदेशी ऑर्किड लागत नाहीत. तिथल्या खेड्यांत लग्नघरापुढे बांबू रोवून, वर छत घालून, नारळाच्या झावळ्यांनी व हिरव्या पानांनी शाकारलेला जो तात्पुरता मांडव उभारतात, त्याला ‘साल व्हेर्त’ म्हणतात. बांधणारे कारागीर अजून मिळतात आणि खर्चाचा अजमास घेतला तर तो सजावटकाराच्या दरापेक्षा पुष्कळ खाली येतो. विधीचे साहित्य नेताना मात्र सावध असावे. फुले, फळे, बियाणे, रोपे, पाने इत्यादी वनस्पतिजन्य वस्तू परवान्याशिवाय बेटावर उतरविता येत नाहीत, आणि उसाचे तर टिपरेही चालत नाही, कारण ऊस हा त्यांच्या अर्थव्यवस्थेचा जुना आधार आहे. म्हणून आंब्याचा टहाळा, विड्याची पाने, झेंडू, नारळ, दूर्वा हे सारे तिथेच मिळवावे. ज्या बेटावर शिवरात्रीला गंगा तलावाकडे लाखो यात्रेकरू जातात तिथे पूजासाहित्याची वाण नाही. सोन्याचे दागिने नेणाऱ्यांनी निघताना आपल्या विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्यांची नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते नव्याने आणलेले ठरून जकात भरावी लागत नाही.

किनारा हा भरतीच्या रेषेपर्यंत सर्वांचा असतो. हॉटेलसमोरच्या वाळूवरही गावकऱ्यांना फिरण्याचा हक्क आहे, तेव्हा दोर बांधून त्यांना अडविण्याचा अट्टहास करू नये. सार्वजनिक किनाऱ्यावर कार्य करावयाचे असल्यास तिथल्या बीच ऑथॉरिटीचा परवाना लागतो. प्रवाळाच्या कड्याने बेटाभोवतीचे उथळ पाणी राखले आहे, आणि त्यातली समुद्री गवते व पोवळी किती नाजूक आहेत हे ‘वाकाशिओ’ जहाज २०२० मध्ये फुटून तेल पसरले तेव्हा त्या लोकांनी आपल्या हातांनी उसाच्या पाचटाचे बांध घालून अनुभवले आहे. जरीच्या कागदाचे तुकडे, प्लास्टिकच्या पाकळ्या, फुगे वापरू नयेत. एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंना तिथे कायद्यानेच बंदी आहे. आकाशकंदील सोडू नयेत, कारण जूननंतर ऊस तोडणीला येतो आणि एक ठिणगी कोणाचेही शेत खाऊन टाकील.

पाहुण्यांना परतभेट म्हणून डोडो पक्ष्याची चिनी बाहुली देण्यापेक्षा केवड्याच्या जातीच्या वाकोआ झाडाच्या पानांनी विणलेली छोटी टोपली, त्यात बेटावरची गूळरंगी साखर आणि चहाची पुडी द्यावी. या टोपल्या गावातल्या बायका विणतात; शंभर हव्या असतील तर तीन-चार महिने आधी सांगावे लागते.

शेवटी जमाखर्चाचा एक मुद्दा. परदेशी पैसे पाठविण्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वार्षिक अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि त्यावर उगमस्थानी कर वसूल केला जाऊ शकतो, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून आधीच उमजून घ्यावे. हॉटेल आणि सजावटकार आपली रक्कम आगाऊ वसूल करतात. सेगाचे वादक, गीत-गवईच्या बायका, रांधणारी मंडळी यांचे पैसे मात्र ‘नंतर पाहू’ म्हणून मध्यस्थाच्या खात्यात अडकतात. म्हणून त्यांच्याशी ठराव स्वतः करावा, अर्धी रक्कम आधी द्यावी आणि उरलेली कार्य संपल्याबरोबर, त्याच रात्री, घरातल्या एका जबाबदार माणसाने हातात द्यावी. आणि त्यांच्या परतीच्या वाहनाचा बंदोबस्तही आपणच करावा, कारण मॉरिशसच्या खेड्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या संध्याकाळीच बंद होतात.